साबणाचा हात

रायली,

तुला वाचता येत नाही, आणि तुझ्या नव्या बायकोनं हे वाचून दाखवावं अशी माझी इच्छा नाही. म्हणून पत्र टाकणार नाही. पण आपल्या लग्नात तू दिलेली घोडी आज ॲपलबीच्या घोडेबाजारात विकली गेली. तिच्याकडे पाहिलं की घास गिळवत नव्हता मला.

नदीत उभी राहून मी तिला साबण लावत होते. गोलायथकाका काठावरून तिच्यासाठी बोली वाढवत होते. ‘जरा थांबा’ म्हणून मी फेसाळलेला हात वर केला, तर म्हाताऱ्यानं पाण्यात उतरून त्यावर टाळीच हाणली! टाळी पडली की आपल्या जिप्सी लोकांत सौदा पक्का.

“अहो काका, मी थांबा म्हणत होते!”

“मग हात खाली ठेवायचास, पोरी!”

सगळा काठ हसला. मीसुद्धा.

तरी पायांवरच्या केसांच्या झुपक्यांत लाकडाचा भुसा चोळून ते पांढरेशुभ्र करूनच तिला सोडली. माझ्याकडून मळकी जायला नको.

वाटलं होतं, रडू फुटेल. पण लागली ती कडकडून भूक. रस्सा दोनदा वाढून घेतला.

आत्ताच जेवून उठलेली,
ट्रेनिट