सगळे हात वर

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, बिट्टीला एक गालगुच्चा. तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उशिराचं कारण म्हणून परीक्षा सांगणार होते, पण ती कधीच संपली आहे.

खोलीतला नळ अजून गळतो. घरमालकीणबाई म्हणतात, "गळतोय म्हणजे पाणी आहे, आनंद माना." चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी झालेल्या माझ्यासारख्या बाईला वर्गातले सगळे 'काकू' म्हणतात आणि टिपणं मात्र काकूंचीच पळवतात.

निकाल लागला. अध्यापनपद्धतीच्या पदवीत प्रात्यक्षिक पाठाला सर्वांत जास्त गुण मला मिळाले. मार्गदर्शक बाई भर वर्गात म्हणाल्या, "विषय होता प्रत्येक मुलाचा सहभाग, आणि हिच्या वर्गात एकही हात खाली नव्हता!" टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

आता तुझा प्रश्न. त्या पाठापासून बिट्टी शाळेत फक्त डावाच हात वर करते, तिच्या बाई वैतागल्या आहेत, ही कुठली नवी पद्धत, असं तू थट्टेने विचारलंस. तूच मुख्याध्यापकांकडे शब्द टाकलास म्हणून मला पाठासाठी तिचा चौथीचा वर्ग मिळाला. तेव्हा तुला तरी खोटं सांगवत नाही.

पद्धत जुनीच आहे रे. परीक्षक येणार म्हणून आदल्या दिवशी तोच पाठ मी त्याच मुलांकडून घोटून घेतला. ज्यांची उत्तरं बरोबर आली त्यांना सांगितलं, उद्या उजवा हात वर करा. ज्यांची चुकली त्यांना डावा. म्हणजे हात सगळ्यांचे वर, आणि मी विचारायचं फक्त उजव्यांना. बिट्टी एका अपूर्णांकात अडखळली. मी तिला डावा दिला. सख्ख्या भाचीला! नापास झाले तर या वयात तोंड कुठे दाखवू, एवढंच डोक्यात होतं. लाज वाटते मला, दादा. नंतर तिला कुणी परत उजवा दिलाच नाही, म्हणून ती अजून डावाच वर करते.

उद्या मार्गदर्शक बाईंना सगळं सांगणार आहे. पाठ रद्द होईल, कदाचित पदवीही हातची जाईल. जाऊ दे. पण अजून एक गोष्ट राहिली, आणि ती तुला सांगणं जास्त जड जातंय.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी तू तिला कागद दुमडून अपूर्णांक समजावलेस, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अर्ध्याचं अर्धं किती?" सर्वांत आधी तिचा डावा हात वर. चेहरा नुसता फुललेला. मी तिला टाळून मागच्या बाकाला विचारलं. पाठ संपल्यावर परीक्षक तिच्यापाशी थांबले.

"बाळ, तुझा नंबर लागलाच नाही. येत होतं का उत्तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही."

बाहेर आल्यावर तिने माझा हात ओढून मला खाली वाकवलं. कानात म्हणाली, "आत्या, मला येत होतं. पण मी सांगितलं नाही. बरोबर केलं ना?"

मी तिला म्हणाले, "शहाणी गं माझी ती."

जिच्या हाती तू विश्वासाने लेक सोपवलीस ती,
तुझी धाकटी