नर्सबाई काय म्हणाली होती

पनवेल,
१२ डिसेंबर १९९७

चि. सौ. मनिषा हिस,
काकूचे आशीर्वाद.

तुझी नणंद नीता परवा आपट्याहून बाजाराला आली होती. धाकटी चालायला लागली, हे तिच्याकडूनच कळलं. इकडे तुझे काका बरे आहेत. परसात वाल पेरलेत, शेंगा धरल्या की पाठवते.

नीता आणखी एक बोलली. पाळी नसतानाही तुझ्या अंगावरून जातं आणि तू तिला 'कोणाला सांगू नको' म्हणतेस. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तुझी आईसुद्धा असंच म्हणायची.

मनिषा, नऊ वर्षांपूर्वी शाळेत बायकांची तपासणी झाली, तेव्हा तिला मीच नेलं होतं. दहा दिवसांनी नर्सबाई दारात आली. तुझी आई मिठागरावर गेलेली. बाई म्हणाली, "गर्भाशयाच्या तोंडाशी खराबी दिसतेय. अजून सुरुवात आहे, लगेच मुंबईला न्या."

दोन दिवसांनी आपट्याची माणसं तुला बघायला येणार होती. आईला असलं दुखणं आहे हे कळलं तर पोरीला कोण करून घेणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "नेतो आम्ही," म्हटलं आणि बाईनं दिलेला कागद चुलीत घातला.

संध्याकाळी तिनं विचारलं, "जाऊबाई, ती बाई कशाला आलेली? काय म्हनली?"

"काय नाय. अंगात रक्त कमी हाय म्हनली."

ती हसली आणि भाकऱ्या थापायला बसली.

तुझं लग्न झालं की सांगीन, असं ठरवलं होतं. लग्नानंतर तिचं अंगावरून जाणं मध्ये थांबलं, म्हणून गप्प बसले. पुढच्या दिवाळीत तिला धड बसवेना. तेव्हा मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं. तिचं लग्न पंधराव्या वर्षी. सव्विसाव्या वर्षापर्यंत पाच बाळंतपणं. मिश्री दिवसातून चारदा. तुझे बाबा आठ-आठ दिवस ट्रकवर असत, त्यांचं बाहेर कुठे होतं का, हेही विचारलं. मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "या सगळ्यानं धोका वाढतो. पण सुरुवातीलाच आणलं असतंत तर वाचली असती. का नाही आणलंत?"

मी म्हटलं, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." तुझे बाबा शेजारीच उभे होते.

जाण्याच्या चार दिवस आधी तिनं माझा हात धरला. "जाऊबाई, ती बाई तवा खरंच काय नाय म्हनली?"

मी तेव्हाही "नाय" म्हटलं.

आता भर दुपारी मागच्या दारी भांडी घासताना ती हेच विचारते. मी वळून बघते. कोणी नसतं. तरी उत्तर द्यावं लागतं, आणि तोंडातून तेच येतं.

यात तुझा काडीचा दोष नाही. लग्न ठरवणारी मी, कागद जाळणारी मी. पण तुझंही लग्न सतराव्या वर्षी झालं, तीन बाळंतपणं झाली, आणि नीता सांगते मिश्री तुझ्याही तोंडात असते. ती सोड. मुंबईला जा, तपासून घे. कदाचित काहीच नसेल. माझ्याबरोबर जायचं नसेल तर नीताला ने. डॉक्टर काय सांगतात ते स्वतःच्या कानांनी ऐक, मधे कोणाला घेऊ नकोस.

तुझ्या बाबांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. मी घरीच आहे.

अजून म्हणावंसं वाटलं तर तुझी काकू, नाहीतर नुसती
शशिकला