आईची कानटोपी आणि विजेचा रेट

श्रूजबरी, मंगळवार, संध्याकाळ

विजेचा प्लॅन फिक्स्ड घ्यावा की व्हेरिएबलच ठेवावा? महिनाभर एक्सेल शीट घेऊन बसलोय. आमचं हीटिंगही विजेवरच. फिक्स्डचा रेट वर्षभर तोच; सध्याचा व्हेरिएबल एरवी स्वस्त, पण कडाक्याच्या थंडीत त्याचा रेट चढतो. हे मीच जेवताना सगळ्यांना समजावलं होतं. मोठा शहाणा!

आज ऑफिसातून लवकर आलो, तर नागपूरहून इथे परदेशात आमच्याकडे आलेली आई घरात कानटोपी घालून बसलेली. हीटिंग बंद.

"एकटीसाठी कशाला? रेट चढला असेल ना?"

रोज दिवसभर अशीच बसत असेल? तिथेच उभ्या उभ्या, बूटही न काढता, फोनवरून फिक्स्ड घेऊन टाकला. महागच पडणार.

"स्वस्त मिळाला का रे?"

"हो, खूप."

तेव्हा कुठे तिने कानटोपी काढली.