रिकामा आकाशपाळणा

४ मार्च, सोमवार
परळच्या सभेची सुरुवात अशी करायची: "गिरणीत राबणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, मोर्चात असा नाहीतर नसा, मराठी माणूस दिसला की त्याच्या हातात दगड होताच, असं पोलिसांनी ठरवून टाकलंय!"
मग सखारामचं नाव. आमच्या चाळीतला, तळमजल्यावरचा, गिरणीत साच्यावर कापड विणणारा. शिवडीच्या आनंदमेळ्यात लेकीला आकाशपाळण्यात बसवायला गेला. फाटकाबाहेर मोर्चावर लाठी चालली, मेळेवाल्याने पाळणा थांबवला. बापलेक वरच लटकलेले. खाली उतरले तेव्हा पोलिसांनी त्यालाच उचललं. आरोप दगडफेकीचा! शिक्षा झाली की गिरणीचं दार बंद. पुढच्या मंगळवारी कोर्ट.

६ मार्च, बुधवार
आज संताप आपल्याच लोकांवर. चाळीच्या फळ्यावर खडूने ठळक: 'दगडाला दगडाने उत्तर देणारा वीर सखाराम!' अक्षर आमच्याच पोरांतल्या दत्तूचं. सरकारी साक्षीदार याहून वेगळं काय सांगणार? साध्या वेषातला पोलीस सकाळीच ते वाक्य वहीत उतरवून घेऊन गेला म्हणे.
दत्तू उलट मलाच, "काका, 'पाळण्यात बसला होता' असं लिहून लोक जमतील काय?"
मागे सखारामची बायको यशोदा उभी. "लोक जमाक नाय तरी चलात रे दत्तू. माझो घोव घराक येऊंदे."
मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खालसून एक माणूस फोटो काढी होतो. चेडवान त्येका हात केल्यान. ह्येंनी कोठडीत सांगल्यानी."
लेकीने हात केला तो फोटोवाला! मेळ्याजत्रांत कॅमेरा घेऊन फिरणारा म्हणजे फणसवाडीचा वसंता तर नव्हे? शाळेत एका बाकावर बसायचो.

८ मार्च, शुक्रवार
तोच. फोर्टात त्याचं प्रदर्शन भरलंय. भिंतभर काळा-पांढरा फोटो: थांबलेला आकाशपाळणा, सगळ्या बैठका रिकाम्या, मागे पांढरंफटक आभाळ. साहेबलोक मान तिरकी करून वाहवा करतायत.
"वसंता, माणसं कुठायत?"
"झाकली. निगेटिव्हवर तांबडा रंग लावला की छापताना तिथे आभाळच येतं. माणसांनी चित्र बिघडत होतं रे."
"सगळ्यात वर बापलेक होते?"
"होते. पोरगी हात करत होती."
"आणि मागे फाटकात लाठ्या?"
"त्याही झाकल्या."
"रंग निघतो?"
"ओल्या कापसाने निघतो. पण मी काढणार नाही. फोटो असाच विलायतेच्या प्रदर्शनाला निघालाय. मला तुझ्या राजकारणात ओढू नकोस. आणि हळू बोल, हे काय शिवाजी पार्क आहे?"
मग मुद्दामच शिवाजी पार्कचा आवाज लावला. बघू देत साहेबांना वळून.

११ मार्च, सोमवार
दोनदा फणसवाडी. दार बंद, आत रेडिओ चालू. वकील म्हणतात, निगेटिव्ह हवी आणि काढणारा साक्षीला उभा हवा. मैदानंच्या मैदानं उठवली मी भाषणांनी. एक मित्र खुर्चीतून उठत नाही!
यशोदा विचारून गेली, "येतलो मा तो?" काय सांगू.
तिसऱ्यांदा गेलो, दाराखालून चिठ्ठी सरकवली. मजकूर:
"वसंता, त्या पांढऱ्या आभाळाखाली तू एक जिवंत माणूस गाडलायस. झेंडा धरू नकोस, घोषणा देऊ नकोस, मला मित्र म्हणू नकोस. तो रंग पूस आणि उद्या सकाळी निगेटिव्ह घेऊन कोर्टात उभा राहा."