खाडीतला उलटा बगळा

४ फेब्रुवारी २००८

एका चित्राला बावीस मिनिटं! रंग, उजेड, सावली घालून एक चित्र पक्कं करायला माझ्या नातीचा, मोनालीचा कॉम्प्युटर एवढा वेळ घेतो. रेंडर म्हणतात त्याला. पडद्यावर सेकंदाला अशी चोवीस चित्रं सरकतात. म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला बावीस दिवस. हैदराबादच्या स्टुडिओनं नमुना मागवलाय, पंचवीस तारखेच्या आत. आवडला तर तिकडे नोकरी.

नमुन्यासाठी घेतलेली कविता माझी! गव्हाणच्या शाळेत दुसरीच्या मुलांसाठी केलेली, एकाहत्तर साली —

खाडीकाठी उभा बगळा
एका पायावर तोल सगळा
पाण्यात दुसरा, हुबेहूब तसा
कोण खरा नि कोण आरसा?

"आजोबा, तुमचा आरसाच महाग पडतोय, सगळ्यात जास्त वेळ प्रतिबिंबाला जातो," नात म्हणाली.

७ फेब्रुवारी

वेळ वाचवायला पिसं गेली. काठचं गवत गेलं. बगळा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत! मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "लहान मुलं त्याचे डोळे बघतात. पिसं कोण मोजतंय?"

मग दुपारी पडल्या पडल्या आठवलं — शाळेत खडू पुरवून वापरायचे. मी फळ्यावर चार रेघांत बगळा काढायचो, आणि मागच्या बाकावरची पोरं त्याला हुसकावायची! तेव्हा कुठं होती पिसं? शेजारच्या वर्गावर माझी बायको, वसुंधरा; ती डोकावून हसायची.

९ फेब्रुवारी

आरशाचं कोडं सुटलं. पाण्याला खरं प्रतिबिंब द्यायचंच नाही. तोच बगळा उलटा करून पाण्याखाली ठेवला, वर फिकट निळा पडदा. मी चष्मा पुसून पाहिलं — खाडी! शिवाय चोविसांऐवजी बाराच चित्रं, प्रत्येक दोनदा दाखवायचं. आता एका चित्राला सहा मिनिटं. सगळं मिळून तीन दिवस.

पोरगी हुशार. हैदराबादवाले हिला सोडणार नाहीत.

१२ फेब्रुवारी

सकाळी सातला मशीन लावलं. "आजोबा, शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही हं!"

१४ फेब्रुवारी

बटण मी बंद केलं.

चुकून नाही. मोनाली बँकेत गेली होती. मशीन घुंऽ करत होतं. वसुंधरा गेल्यापासून सहा वर्षं या घरात आम्ही दोघंच. मोनालीचे आईबाप मस्कतला. वाटलं, हे घुंऽ संपलं की ही जाणार. उठलो आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. पाच मिनिटांनी परत वर केलं — कशासाठी, कोण जाणे.

सगळं एकाच सलग फिल्ममध्ये साठत होतं. मध्येच तुटलं, तर पहिलं चित्रसुद्धा हाती लागत नाही. पंचावन्न तास पाण्यात.

"लाईट गेली होती का?"

"हो. बराच वेळ. इन्व्हर्टरही उतरला."

तिनं जाऊन इन्व्हर्टरचा दिवा पाहिला. मग न जेवता झोपली. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं मी!

१५ फेब्रुवारी

तिनं मशीन पुन्हा लावलं नाही. म्हणाली, "परत लाईट गेली तर?"

१८ फेब्रुवारी

मोनालीनं परस्पर नझीरला गाठलं. माझा जुना विद्यार्थी, जुन्या पनवेलमध्ये त्याचा सायबर कॅफे आहे. त्याचा मला फोन — "सर, शुक्रवारी कॅफे बंद असतो. आठही मशिनं मोकळी. पैशांचं नाव काढलंत तर खफा होईन!"

फिल्मचे आठ तुकडे. बहात्तर तासांचं काम नऊ तासांत. ते ऐकून मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

२२ फेब्रुवारी

दिवसभर कॅफेच्या दारात बसून होतो. नझीर नमाजाला गेला तेवढा वेळ मोनाली, बाकी तोच सतत शेजारी. "सर, ती कविता म्हणा ना, मला अजून पाठ आहे!" आम्ही दोघांनी म्हटली. संध्याकाळी सहाला आठवा तुकडा पूर्ण झाला. बगळ्यानं मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं.

३ मार्च

निवड झाली! मी पेढे आणले. तिला बोलावणार होतो, जवळ बसवून सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "तिकडे भात खातात दोन्ही वेळा."

१६ मार्च

गेली. निघताना वाकून नमस्कार केला. "गोळ्या वेळेवर घ्या." आजही सांगितलं नाही.

१९ मार्च

नझीरला सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, रागावू नका. पोरीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं — आजोबा येतील, त्यांना चहा द्या, गप्पा मारा, पण मशिनांपाशी एकटं सोडू नका. वर म्हणाली, त्यांना यातलं काही कळू देऊ नका."

आणि तरी तिनं वाकून नमस्कार केला.