मोकळ्या केलेल्या जागेतलं नाव

मॅडम, गेल्या महिन्यात सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. पेशंटची नावं पुकारणारा प्रोग्रॅम बारा वर्षांपूर्वी तिथं तुम्ही बसवला होता, हाताखाली मी, तुमची विद्यार्थिनी. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तो मात्र चालूच होता. काउंटरवरची बार्शीची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, दुपारी मधेच एक नाव पुकारतंय. यादीत तसं कुणीच न्हाय की." नाव तुमचं होतं. त्या दिवशी टेंभुर्णीच्या एक आजी ते आपलंच समजून उठल्या, आणि दुसऱ्याचे थेंब त्यांच्या डोळ्यांत पडता पडता राहिले.

अजून डोळ्यांसमोर येतं: तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासात मी पहिल्या बाकावर बसले आहे. तुम्ही खडू माझ्या हातात देता आणि विचारता, "आता हा कुणाकडं?" माझ्याकडं. "मग मी फळ्यावर लिहू कशी?" मेमरीतली वस्तू एका वेळी एकाचीच, देऊन टाकली की तिला हात लावायचा नाही, हे मला तिथं कळलं. एकदा माझा कोड बघून तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, "एरर आली तर ज्यानं काम सांगितलं त्याला कळवायची. गिळलीस तर ती भलत्याच कुणाच्या तरी अंगावर जाईल."

तीन दुपारी दवाखान्यात बसून मी जुना कोड वाचला. सुरू होताना तो आवाज तपासायला एक खोटा पेशंट तयार करतो आणि लगेच त्याची मेमरीतली जागा मोकळी करतो. त्या पेशंटला तुम्ही स्वतःचं नाव दिलं होतं. मोकळी केलेली जागा कुणी पुसत नाही, आणि पुकारणाऱ्या भागाकडे तिचा पत्ता तसाच राहिला होता. पेशंटची नावाची चिठ्ठी यंत्रात घातल्यावर ती वाचताना एरर आली की तो तिथं जाऊन असेल ते वाचायचा. ती एरर कुणाला न कळवता गिळणारी ओळ माझी होती.

सगळं मी रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नव्यानं लिहिलं. देऊन टाकलेल्या वस्तूला हात लावला की तिथला कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणारा, अडवतो. आज ते बसवायला गेले. जेवणाची सुट्टी होती, बाकं रिकामी. जुना प्रोग्रॅम बंद करण्याआधी मी मुद्दाम एक चुरगळलेली चिठ्ठी यंत्रात घातली. तुमचं नाव आलं. पाठोपाठ कुणीतरी म्हणालं, "आले, आले." मुलगी डबा ठेवून उठली. "कोण बोललं ताई?" "कुणी नाही," मी म्हणाले आणि जुना प्रोग्रॅम बंद करायचं बटण दाबलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. "आले, आले" म्हणणारा आवाज माझाच होता. तोंड उघडल्याचं मात्र मला आठवत नाही.