भुरीची गाठ

वळ, ८ जानेवारी

ती. सुकन्याताईस,
रंजिताचा सा. न. वि. वि.

भावोजींच्या डब्याच्या पिशवीतून हे पत्र पाठवते आहे. फोनवर बोलले की आई शेजारी येऊन बसते, आणि हे तिला कळायला नको.

भुरी चार दिवस खात नाही. खाल्लं तर उलटून टाकते. काल तिला भिवंडीला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी करून ते म्हणाले की पोटात गाठ दिसते. कसली, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, मांजर वयस्कर आहे, विचार करून कळवा. गाठ म्हटल्यावर मला बाबाच आठवले. पुढचं धड ऐकलंच नाही.

ऑपरेशन नको, असं माझ्या मनात आहे. अकरा वर्षांच्या जिवाला कशाला कापायचं? पण हे तिच्या दयेपोटी, की मला पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसवत नाही म्हणून? डायरीत दोन्ही लिहिलं आणि दोन्ही खोडलं.

आईला अपचन सांगितलंय. तिचं वेगळंच चाललंय. तुझ्या गोधडीचा लाल दोरा सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंय. तो मीच शिकवायला जाताना शाळेत नेला म्हणे. मी ऐकून सोडून देते.

तुझं मत लगेच कळव. त्यावाचून मला काही ठरवता येणार नाही.

तुझी रंजी

अंबाडी, ९ जानेवारी

चि. रंजितास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर आमटी सांडली होती, तरी वाचलं आणि रडले. ह्यांना वाटलं, आमटीसाठीच रडते.

आधी आईला सांग. बाबांची गाठही आपण तिच्यापासून दीड महिना लपवली. कळल्यावर तिने एवढंच विचारलं होतं, की मी काय या घरात पाहुणी हाय का? ते मी विसरलेले नाही. भुरी तिच्या उशाशी झोपते, तुझ्या नाही.

आणि दोन्ही खोडू नकोस. परीक्षेत तू बरोबर उत्तरंही खोडायचीस.

भुरीच्या कानामागे माझ्या वाटचं खाजव. जीव तुमच्याकडेच लागलाय.

सुकन्या

वळ, १३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

भुरी वाचली. आधी हे, मग बाकीचं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. रडेल म्हणून पाणी घेऊनच बसले होते. तिने उलट मलाच विचारलं, की गाठ दोऱ्याची का? मला वाटलं, तिला समजलं नाही. मग ती भडकली. तू एवढी शिकलेली हायस, पण ऐकून घेत न्हाईस, म्हणाली. भुरी त्या दोऱ्याशी खेळत होती, मग दोराच दिसेना. तिच्यापासून लपवायला मी तो शाळेत नेला असेल, असं आईला वाटलं होतं.

डॉक्टरांना सांगताच ते म्हणाले, आता थांबायचं नाही, दोरा आतडं कापतो. दुसऱ्या सकाळीच ऑपरेशन झालं. आत दुसरं काही नव्हतं. लाल दोऱ्याचा गुंता, आणि टोकाला आईचीच दुहेरी गाठ. धुतला तर चालेल का, असं तिने विचारल्यावर डॉक्टरही हसले.

काल भुरीला घरी आणलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात पुठ्ठ्याची कॉलर आहे. आज तिने पेज चाटली आणि मला बोचकारलं.

ताई, ऑपरेशन नको, असा मेसेज मी डॉक्टरांना लिहून ठेवला होता. दोनदा लिहिला, दोनदा खोडला. ती सवय आयुष्यात एकदाच कामी आली. आईला हेही सांगितलं. तिने सुईत दोरा ओवायला मला जवळ बसवलं.

तुझ्या गोधडीची शेवटची ओळ निळी येईल. आई म्हणते, निळ्याला नाव ठेवायचं न्हाय, लाल भुरीने खाल्ला.

लवकर ये, आणि येताना मासळी आण. इथे दोघी वाट बघतात, तिसरी मी.

तुझी रंजी